रीडिंग

देव मी समोरून फार कमी बघितले.
माझं काम मागच्या अंगाला,
जिथं खराटा असतो, चेमटलेली घागर,
गेल्या वर्षीच्या मांडवाचे बांबू
आणि गंजक्या पेटीत मीटर.

अकरा वर्षं कंत्राटावर.
कुंडलिकेच्या अलीकडचं जुनं जालना माझ्याकडं,
नव्या जालन्यात दुसरा पोरगा फिरतो.

मारुतीच्या मीटरवर शेंदराची बोटं.
आकडा दिसावा म्हणून दर महिन्याला काच पुसायची.
राहू द्या हो, पुजारी म्हणतो, तोही देवच.
देव खरा, मी म्हणतो, पण सात महिन्यांचा थकबाकीदार.
तो हसतो. भरत नाही.

दर्ग्याची पेटी चिंचेखाली.
एकदा भर दुपारी कुणी नव्हतं आत,
आणि मजारीवर पंखा गरगर फिरत होता.
बंद करू का, म्हणालो.
खैरुनबी सावलीत लसूण सोलत होत्या.
"नक्को बेटा. बाबा कू भी गरमी होती ना."
मे महिना. त्रेचाळीस अंश.
आला तो आकडा लिहून घेतला.

स्थानकाचं उलटंच.
चातुर्मासात महाराजसाहेब मुक्कामाला आले
की चार महिने आकडा जागचा हलत नाही.
नव्या साहेबांना संशय: मीटर बंद पडलंय, पंचनामा करा.
मुनीम संचेतींनी मला दिवस मावळेपर्यंत बसवून घेतलं.
महाराजसाहेब मुंगीबद्दल काहीतरी सांगत होते,
सांगता सांगता दिसेनासे झाले.
आवाज तेवढा राहिला.
आधी पांढरं वस्त्र दिसत होतं, मग तेही नाही.
कागदावर लिहिलं: मीटर चालू. अंधार चालू.
साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं.

चर्चचं मीटर सगळ्यांत जुनं, काळं, तबकडीचं.
त्याच्या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं तेव्हा
मी चिंधी पेटवली होती.
एस्तेरबाई घुले धावत आल्या, हाताला पीठ तसंच.
"पिल्लं हायेत त्यात. जातील की आपसूक."
तीन महिने सरासरी बिल लावलं प्रभूला.
नाताळचा वापर कमी धरला गेला, ही माझी चूक,
अजून कुणाच्या ध्यानात नाही.

आणि विहार. विहाराचा आकडा फेब्रुवारीत चढतो.
दहावीची, बारावीची पोरं रात्री दोनपर्यंत;
रत्नमालाताई सोनकांबळे दारात खुर्ची टाकून,
किल्ली कनवटीला.
एका साली बल्बला पैसे नव्हते,
त्यांनी मूर्तीवरचा काढून पोरांच्या टेबलावर लावला.
कुणी बोललं तर म्हणायच्या,
तथागतांचं पाठ झालंय सगळं.
माझी पोरगी बसायची त्या टेबलाशी.
बावन्न टक्के पडले.
मला ते ऐंशीसारखे वाटले.

आता स्मार्ट मीटर.
आकडा हवेतून जातो म्हणे, थेट ऑफिसात.
माणूस लागत नाही.
परवा शेवटची फेरी झाली.
सही घ्यायची होती, म्हणून खैरुनबींना समजावून सांगितलं.
त्या जरा वेळ त्या नव्या पांढऱ्या डबीकडं बघत राहिल्या.
"मतलब आता नै, जाता नै, दिखता नै,
और सब का हिसाब लिखता?"
हौ, म्हणालो.
"तो फिर हमना पुराना ही है बेटा,"
आणि लसणाची परडी उचलून आत गेल्या.

संध्याकाळी मारुतीच्या पुढच्या दारानं गेलो,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
चपला कुठं काढायच्या ते विचारावं लागलं.
कारखान्यांकडचं आभाळ तांबडं झालेलं.
हात जोडले, एका हातात टॉर्च तशीच.
डोळे मिटायचे होते,
पण नजर गेली ती देवाच्या डोक्यावरच्या बल्बकडं,
तिथून होल्डरला, होल्डरमधून वायरीला,
वायर धरून धरून
भिंतीपलीकडं.